द्रवणांकावरून पावडरी वेगळ्या करताना : तयारीची यादी

मिश्रण तापवायचे, कमी द्रवणांकाचा (वितळण्याच्या तापमानाचा) पदार्थ वितळला की तो गाळून घ्यायचा, अशी ही पद्धत. साहित्य मांडण्याआधी मिश्रणात नेमके काय आहे ते पाहा. द्रवणांकांत भरपूर फरक असला की काम झाले, हा समज हमखास फसवतो. नॅप्थॅलिन ८० अंश सेल्सिअसला वितळते, बेंझोइक आम्ल १२२ ला. पण एकत्र असली की वितळणे ८० च्याही खाली सुरू होते आणि टपकतो तो दोघांचा मिळून झालेला द्रव. एकाचा द्रव दुसऱ्याला विरघळवत असेल तर हा मार्ग सोडा. स्टिअरिक आम्ल (मेणासारखा घन पदार्थ) आणि वाळू ही जोडी चालते. वाळूऐवजी खडूची पूड असेल तर नको, वितळलेले आम्ल तिच्याशी अभिक्रिया करते. मीठ असेल तर एवढा खटाटोप कशाला? ते पाण्यात विरघळवून गाळा. नाव माहीत नसलेली पावडर किंवा नायट्रेट-क्लोरेट असलेले मिश्रण तापवायचेच नाही.

शुद्ध स्टिअरिक आम्ल ६९ अंशांना वितळते. बाजारच्या मालात पामिटिक आम्ल मिसळलेले असते, म्हणून तो पन्नाशीतच पाघळू लागला तर घाबरू नका. ओव्हन ८५ वर ठेवा. आखूड दांड्याचे काचेचे नरसाळे, चुण्या घातलेला गाळणकागद आणि वजन केलेला बीकर आधीच आत ठेवून तापवा. नरसाळे गार राहिले तर द्रव दांड्यातच गोठून बूच बसते. कागद कोरडा हवा. ओल्या कागदातून हा तेलकट द्रव उतरत नाही. कागदाला वाफ लागते म्हणून पाण्यावर तापवणे इथे टाळलेले बरे.

५० ग्रॅम मिश्रण घ्या, समजा २० आम्ल आणि ३० वाळू. कागदावर सैल पसरा, दाबू नका, आणि ओव्हनमध्येच तासभर निथळू द्या. बीकरमध्ये २० ग्रॅम मिळतील ही अपेक्षा नको. ३० ग्रॅम वाळूच्या कणांमध्ये सात-आठ मिलिलिटर पोकळी असते आणि बारीक वाळू ती भरून धरते, म्हणजे सहा ग्रॅमपर्यंत आम्ल तिथेच अडकू शकते. ते काढायला २० मिलिलिटर इथेनॉल ५० अंशांपर्यंत गरम करून वाळू दोनदा धुवा. जवळ ज्योत नको, गरम करायला ५०-५५ अंशांचे पाणी पुरते. चष्मा आणि हातमोजे हवेतच, गरम आम्ल कातडीला चिकटून भाजते. धुतलेली वाळू आधी मोकळ्या हवेत पूर्ण वाळवा. इथेनॉलने ओली असताना ती ओव्हनमध्ये सरकवली तर वाफ पेटू शकते.