जायरोट्रॉन चालवताना या चुका टाळा

जायरोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉन बीमपासून शक्तिशाली सूक्ष्मलहरी तयार करणारी नळी; त्या लहरींनी प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त आयनित वायू, तापवतात. नळीतून १ मेगावॅट बाहेर पडतोय असं दिसलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण उरलेली ऊर्जा कुठे गेली, हे त्याच वेळी विचारायला हवं. ८० किलोव्होल्ट, ४० अँपिअरचा इलेक्ट्रॉन बीम म्हणजे ३.२ मेगावॅट. त्यातला १ मेगावॅट सूक्ष्मलहरींचा झाला. कलेक्टरवर (वापरून झालेला बीम जिथे आदळतो त्या भागावर) ३० किलोव्होल्टचा उलटा दाब दिला असेल तर आणखी १.२ परत मिळतो. तरीही १ मेगावॅट उष्णता बनून कलेक्टरच्या तांब्यात उतरतोच. म्हणून बीम कलेक्टरभर फिरवणारी कॉइल बंद असताना लांब पल्स देऊ नका, एकदाही नाही.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त शक्तीचा आकडा बघत बसणं. १७० गिगाहर्ट्झच्या नळीत कॅव्हिटी (बीम जिथे लहरींना ऊर्जा देतो ती पोकळी) तरंगलांबीच्या मानाने खूपच मोठी असते, त्यामुळे हव्या त्या मोडच्या (पोकळीतल्या लहरीच्या ठरावीक रचनेच्या) शेजारी बरेच नको असलेले मोड टपून बसलेले असतात. बीम शेजारच्या मोडमध्ये गेला तरी लहरी टिपणाऱ्या डायोडवर सिग्नल दिसत राहू शकतो. मात्र लहर खिडकीकडे पाठवणारा नळीच्या आतला लाँचर एकाच मोडसाठी घडवलेला असल्याने दुसऱ्या मोडची लहर खिडकीतून नीट बाहेर पडत नाही, आतच भटकते आणि नको ते भाग तापवते.

त्यामुळे नजर वारंवारतेवर ठेवा. पल्सच्या सुरुवातीला ती काहीशे मेगाहर्ट्झने घसरते, ते ठीकच आहे: कॅव्हिटी तापून किंचित फुगते आणि नळीतल्या उरल्यासुरल्या वायूचे आयन बीमचा ऋणभार झाकतात. पण एकदम दोन-तीन गिगाहर्ट्झची उडी दिसली तर मोड बदलला असं समजा आणि बीम ताबडतोब तोडा. हे काम माणसाच्या हातावर न सोडता बीम आपोआप तोडणाऱ्या इंटरलॉककडे द्या.

मग तीच सेटिंग ठेवून पुन्हा बटण दाबायचा मोह होतो. माझ्या मते यातूनच सर्वाधिक नुकसान होतं. आधी बीमच्या प्रवाहाची नोंद उघडा. लांब पल्समध्ये इलेक्ट्रॉन सोडताना कॅथोड थंड होतो आणि प्रवाह ढळतो. हीटर पल्सच्या थोडा आधी वाढवला की तो सावरतो. प्रवाह स्थिर असेल तर व्होल्टेज आणि चुंबकीय क्षेत्र तपासा. १७० गिगाहर्ट्झला जवळपास ७ टेस्ला लागतात आणि क्षेत्रात एक टक्क्याचा फरकही मोड बिघडवायला पुरतो. त्यानंतर बीम कॅव्हिटीच्या मध्यातून जातो का, ते पाहा.

शक्ती मोजतानाही फसगत होते. त्यासाठी लहर पाण्यात शोषवून पाणी किती तापतं ते पाहतात. सेकंदाला १० लिटर पाणी २४ अंशांनी तापलं तर ती १ मेगावॅट शक्ती. सुरुवातीचं तापमान अर्ध्या अंशाने चुकलं तर २० किलोवॅटचा फरक पडतो. छोट्या पल्सला पाणी मूळ तापमानाला येईपर्यंत मोजत राहा.

खिडकी हिऱ्याची असते. १७० गिगाहर्ट्झला १.११ मिलिमीटर जाडीत नेमक्या तीन अर्ध्या तरंगलांब्या बसतात, म्हणून परावर्तन नगण्य राहतं. पण पृष्ठभागावर धूळ किंवा बोटाचा ठसा असेल तर तिथेच ठिणगी पडते. ठिणगी टिपणाऱ्या आर्क डिटेक्टरने ट्रिप दिली की खिडकी न पाहता रीसेट करू नका.

शेवटी प्लाझ्मा. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या वेंडेलस्टाइन ७-एक्स या संलयन यंत्रात चुंबकीय क्षेत्र २.५ टेस्ला आहे. इलेक्ट्रॉन क्षेत्रात टेस्लाला २८ गिगाहर्ट्झने फिरतात, या हिशेबाने ७०, आणि त्याची दुप्पट, म्हणजे दुसरा हार्मोनिक, १४०. म्हणून तिथले जायरोट्रॉन १४० गिगाहर्ट्झचे. पण वारंवारता जुळली तरी ध्रुवण (लहरीच्या विद्युतक्षेत्राची दिशा) चुकलं तर लहर नीट शोषली जात नाही, प्लाझ्मा ओलांडून समोरच्या भिंतीवर आदळते. ध्रुवक आरशांचे कोन बदलले असतील तर आधी छोटी पल्स सोडा आणि भटक्या लहरी टिपणाऱ्या सेन्सरचं वाचन पाहा. ते नेहमीपेक्षा वर गेलं असेल तर लांब पल्स थांबवून कोन पुन्हा तपासा.