कार्गो वैमानिकाला पगार जास्त मिळतो का?

कमर्शियल लायसन्स हातात पडलं की नव्या मुलामुलींचा हा प्रश्न ठरलेला असतो. मी आधी मालवाहू टर्बोप्रॉप उडवलं, मग मालवाहू जेट, आणि आता प्रवासी विमानावर आहे. त्यामुळे मी 'हो' किंवा 'नाही' सांगून मोकळं व्हावं अशी त्यांची अपेक्षा असते. पण तसं उत्तर देता येत नाही. मागे माणसं बसली आहेत की पेट्या ठेवल्या आहेत, यावर वैमानिकाचा पगार ठरत नाही. कंपनी कोणत्या जातीची, विमान केवढं, तुम्ही डाव्या सीटवर (कॅप्टन) की उजव्या (फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक) आणि सीनिऑरिटीच्या यादीत कितवे, यावर तो ठरतो.

लुफ्तान्सा कार्गोचंच पाहा. तिथले वैमानिक मुख्य लुफ्तान्साच्या वैमानिकांबरोबर एकाच सामूहिक वेतनकरारात आहेत. बोइंग ७७७ चं मालवाहू रूप आणि प्रवासी रूप एकाच टाइप रेटिंगवर, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायच्या एकाच परवानगीवर, उडवता येतं. त्यामुळे काही कंपन्यांत तोच वैमानिक आज तीनशे प्रवासी नेतो आणि परवा शंभर टन माल.

'कार्गो' हे एकच क्षेत्र आहे असं धरून चालणं, इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. सगळ्यात खाली फीडर कंपन्या. छोट्या धावपट्ट्यांवरून सेसना कॅराव्हॅन किंवा एटीआरमधून पार्सलं मोठ्या हबपर्यंत पोहोचवायची, हे त्यांचं काम. शेपटीवर फेडेक्सचं नाव असतं, पण पगार देणारी कंपनी बहुधा वेगळीच, कंत्राटावर घेतलेली असते. नाव बघून कोणी फेडेक्सच्या पगाराची स्वप्नं रंगवत असेल तर त्याला आधीच सावध करा. इथे पैसा बेताचाच, पण टर्बाइन इंजिनाच्या विमानावरचे तास भराभर जमतात, आणि कॅराव्हॅनवर तर बऱ्याचदा एकट्यानेच उडावं लागतं. खराब हवामानात रात्री एकट्याने उतरण्यासाठी अ‍ॅप्रोच करायची सवय पुढे प्रत्येक सिम्युलेटर चेकमध्ये उपयोगी पडते.

त्यावर वैमानिकांसकट विमान भाड्याने देणाऱ्या कंपन्या: अ‍ॅटलस, कलिटा वगैरे. तासाचा दर मोठ्या पार्सल कंपन्यांपेक्षा सहसा कमी, सलग दोन-अडीच आठवडे घराबाहेर, पण ७४७ सारखं मोठं विमान तुलनेने लवकर हाती येतं. आणि सगळ्यात वर फेडेक्स, यूपीएस या मोठ्या पार्सल कंपन्या. यांची तुलना थेट डेल्टा, युनायटेडसारख्या मोठ्या प्रवासी कंपन्यांशी होते. यूपीएसमध्ये तर विमान कोणतंही असो, एकाच हुद्द्याच्या, सारख्याच वर्षांच्या वैमानिकांना तासाचा दर सारखा. जास्त पैशांसाठी मोठ्या विमानाच्या मागे धावायची गरज नाही, हे मला तिथलं फार शहाणपणाचं वाटतं.

प्रवासी बाजूलाही अशाच पायऱ्या आहेत: रीजनल (छोट्या मार्गांवरच्या कंपन्या), लो-कॉस्ट, मोठ्या जुन्या एअरलाइन्स. लोक मात्र यूपीएसच्या कॅप्टनचा आकडा घेतात, रीजनलच्या फर्स्ट ऑफिसरशेजारी ठेवतात आणि 'कार्गोतच पैसा' म्हणून मोकळे होतात.

आता तासाच्या दराकडे. ब्लॉक तास म्हणजे विमान जागेवरून हललं तेव्हापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा वेळ. मूळ पगार त्यावर. पण पार्सलच्या हबवर काय होतं? विमानं मध्यरात्रीच्या सुमारास येतात, माल उतरतो, वेगळा होतो, पुन्हा चढतो आणि पहाटेच्या आत विमानं परत निघतात. तुम्ही रात्रभर ड्यूटीवर, उड्डाण मात्र जेमतेम तीन-चार तासांचं. प्रवासी विमानाच्या कमी अंतराच्या रोस्टरमध्ये दिवसाला चार-चार फेऱ्या असतात, म्हणजे ब्लॉक तास पटापट भरतात. त्यामुळे कार्गोच्या करारात दर किती, यापेक्षा किमान वेतनाची कलमं कशी आहेत हे महत्त्वाचं. घराबाहेरच्या दर चार तासांमागे एक तासाचा पगार, असं कलम आहे असं धरा. साठ तासांच्या फेरीत तुम्ही अकराच तास उडलात, तरी पंधरा तासांचे पैसे मिळतात. हे कलम नसेल तर अकराचेच. दरपत्रकात यातलं काहीच दिसत नाही.

महिन्याची हमीही अशीच विचारून घ्यावी. उड्डाणं कमी झाली तरी अमुक तासांचा पगार मिळणारच, तो आकडा केवढा? दुसऱ्या शहरात उभं असलेलं विमान घ्यायला तुम्हाला प्रवासी म्हणून पाठवलं, म्हणजे डेडहेड, तर त्या वेळेचे पैसे पूर्ण की अर्धे? मोठी चार्टर कार्गो कामं करणाऱ्यांच्या आयुष्यातला बराच काळ असा दुसऱ्याच्या विमानात मागे बसून जातो.

रात्रीचं काय? पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर झोप मागतं, आणि पार्सलचा धंदा नेमका तेव्हाच जागा असतो. अमेरिकेत वैमानिकांच्या ड्यूटी आणि विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाले, ते प्रवासी कंपन्यांना. खर्चाचं कारण देऊन कार्गोला त्यातून वगळलं. त्याच्या आधी काहीच महिने, ऑगस्ट २०१३ मध्ये, यूपीएसचं एअरबस ए-३०० अलाबामातल्या बर्मिंगहॅमला पहाटे उतरताना कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. तपास अहवालातल्या कारणांमध्ये थकवाही होता. सरकारी नियम जिथे थांबतो तिथून पुढे युनियनचा करारच तुमच्या झोपेची काळजी घेतो, म्हणून विश्रांतीची कलमं मी पगाराचाच भाग धरतो. अर्थात रात्र सगळ्यांनाच जड जाते असं नाही. केबिन नाही, उद्घोषणा नाहीत, भांडणारे प्रवासी नाहीत. माझ्या ओळखीचे काही जण या एवढ्या शांततेसाठी कार्गो सोडायला तयार नाहीत.

आणि काळ फिरतो. २०२० च्या आधी जगातला साधारण निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जायचा. कोविडमध्ये ती विमानं जमिनीवर बसली, मालवाहू विमानांना कामाचा तोटा म्हणून उरला नाही, आणि ज्यांना लोक 'रात्रपाळीवाले' म्हणायचे त्यांच्या नोकऱ्या सगळ्यात भक्कम ठरल्या. तीनच वर्षांत पारडं फिरलं. मार्च २०२३ मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार मंजूर केला. जुलैमध्ये फेडेक्सच्या वैमानिकांनी समोर आलेला करार ५७ टक्के मतांनी फेटाळला. त्याच वर्षी माल कमी झाल्यामुळे फेडेक्सने आपल्या वैमानिकांना एका रीजनल कंपनीतल्या संधी सुचवल्या आणि यूपीएसने स्वेच्छानिवृत्ती देऊ केली. २०२१ चं दरपत्रक पाहून निर्णय घेणारा आणि २०२३ चं पाहून घेणारा, दोघं दोन उलट दिशांना गेले असते.

निवृत्तीचाही भाग विसरू नका. युनायटेडच्या वैमानिकांचं पेन्शन २००५ मध्ये आणि डेल्टाच्या वैमानिकांचं २००६ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत बुडालं. मोठ्या पार्सल कंपन्यांची पेन्शनं टिकली. तासाच्या दरात हा फरक दिसत नाही.

माझ्या मते नवख्याने सगळ्यात आधी मांडायचं गणित सीनिऑरिटीचं. कंपनी बदलली की तुम्ही यादीच्या तळाला जाता, आधी कितीही वर्षं कॅप्टन असलात तरी. आंतरराष्ट्रीय नियमानुसार दोन वैमानिकांच्या व्यावसायिक विमानात वयाची मर्यादा ६५ आहे. म्हणून शेवटच्या कंपनीत तुम्ही एक वर्ष उशिरा पोहोचलात, तर तोटा पहिल्या वर्षाच्या पगाराचा नसतो. कारकिर्दीच्या शेवटचं, सर्वात वरच्या दराचं कॅप्टनचं एक वर्ष जातं. फर्स्ट ऑफिसरचा दर साधारणपणे कॅप्टनच्या दोन तृतीयांश असतो, त्यामुळे कॅप्टन व्हायला तिथे किती वर्षं लागतात हेही मुलाखतीआधी तिथल्याच वैमानिकांकडून काढून घ्या. ते उत्तर दर वर्षी बदलतं, म्हणून जुन्या माणसाला विचारण्यापेक्षा नुकत्याच कॅप्टन झालेल्याला विचारलेलं बरं.

पहिली नोकरी मात्र जिथे मिळेल तिथे घ्या, पण सही करण्याआधी प्रशिक्षणाचा बॉन्ड नीट वाचा. किती महिन्यांचा आहे, लवकर सोडल्यास रक्कम महिन्यागणिक कमी होते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण भरावी लागते, आणि कंपनीनेच तुम्हाला कमी केलं तर काय, या तिन्हींची उत्तरं लेखी घ्या.