मयतीच्या घरी जाताय? या चुका टाळा

पूर्वी आमच्या गावात कुणी गेलं की शेवटच्या वस्तीपर्यंत बातमी पोचायला दुपार व्हायची. आता प्रेताला आंघोळ घालायच्या आधी मोबाइलवर फोटोला हार चढलेला असतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. शंभर-दीडशे मातींना, म्हणजे अंत्यविधींना, तरी गेलो असेन. तिरडी बांधायला मला घरून बोलावणं येतं, कारण एवढंच की दोरीची गाठ मला बरी जमते. त्यामुळे दुःखाच्या घरी माणसं कशी वागतात हे मी सुतळी ओढता ओढता बसल्या जागी पाहत आलोय. चुका त्याच त्या. पोट्टेही करतात आणि धोतरवालेही.

लेकीच्या आधी गावाला सांगणे

ही माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक, म्हणून जरा लांबण लावतो.

तीन वर्षांपूर्वी कापसाची दुसरी वेचणी चालू होती. शेजारचे काका सकाळी वावरात गेले आणि धुऱ्यावर बसल्या बसल्याच गेले. दहाच्या सुमाराला त्यांना बंडीत घालून घरी आणलं. लेक पुण्याला दिलेली. नवरा ड्युटीवर, ही घरी एकटी, सोबत तीन वर्षांचं लेकरू. तिच्या भावाने शहाणपणा केला. आधी जावयाला फोन लावला. त्याने घरी जायचं, 'बाबांची तब्येत बिघडली' म्हणून तिला गाडीत बसवायचं, खरं काय ते वाटेत सांगायचं, असं ठरलं. जावई कंपनीतून निघालाही.

तेवढ्यात गल्लीतल्या एका पोट्ट्याने स्टेटस टाकलं. फोटो कुठला, तर कुणाच्या तरी लग्नातला. काकांच्या डोक्यावर गुलाबी फेटा, खांद्यावर फोटोतून कापलेल्या माणसाचा अर्धा हात. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली मेणबत्ती. तोच फोटो गावाच्या ग्रुपवर आला. पंधरा मिनिटांत बत्तीस जणांनी हात जोडले. तेहतिसाव्याने अंगठा दाखवला. घाईत बोट चुकलं असेल.

तिचा पहिला फोन मलाच आला. "दादा, बाबाचा फोटो काऊन टाकला सगळ्यायनं?"

मी 'हॅलो, हॅलो, आवाज नाही येऊन राहिला' म्हणालो आणि फोन कापला. आवाज चांगला स्वच्छ येत होता. तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली, तीही मला ऐकू आली. माझ्यानंतर तिने आणखी पाच जणांना लावला. कुणीच उचलला नाही. सहाव्याने उचलला आणि 'हो' म्हणाला. जावई पोचला तेव्हा ती लेकरू मांडीवर घेऊन दारातच बसलेली होती. तिथून आमचं गाव रात्रभराच्या वाटेवर.

संध्याकाळी त्या पोट्ट्याला मी धरला, तर तो म्हणे, "मी काय वाईट केलं बाप्पा? श्रद्धांजलीच तं वाहिली." खरंच, त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. त्याला फक्त पहिलं व्हायचं होतं. श्रद्धांजलीत पहिला नंबर येऊन काय मिळतं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. बातमी कळली की घरातल्या जबाबदार माणसाला बाजूला घेऊन एवढंच विचारतो, "लेकीले सांगतलं का?" लेक, बाहेरगावचा पोरगा, नोकरीवरचा भाऊ, जो कुणी लांब असेल तो. त्यांचं 'हो' येईपर्यंत फोन खिशात. ग्रुपवर माती किती वाजता आहे ते कळवायचं असेल, तर तेही घरच्यांनी सांगितल्यावरच. आणि लेकीचा फोन आलाच, तर उचलायचा. नवऱ्याला फोन लाव, तो निघालाय, तो येईपर्यंत मी बोलत राहतो, एवढं तरी मला म्हणता आलं असतं.

"कसं झालं?"

दुसरी चूक दिसायला आपुलकीची आहे. त्याच घरी तिसऱ्या दिवशी मी सकाळपासून ओसरीवर होतो. जो येई तो सतरंजीवर टेकायच्या आधी काकूंना विचारी, "कसं झालं वं काकू?" काकू सुरुवातीपासून सांगायच्या. सकाळी चहा घेतला, कापसाच्या बायांना हाक मारली, शिदोरी घेतली, 'उन्हाच्या आत येतो' म्हणाले. "भाकर तशीच रायली फडक्यात बांधलेली." इथे आवाज तुटायचा. आलेला माणूस मान हलवायचा, हळहळायचा, पाणी पिऊन जायचा. मग पुढचा.

दुपारपर्यंत मी अकरा वेळा ऐकलं. आठव्या-नवव्या वेळी काकूंचा आवाज तुटायचा बंद झाला. शाळेतली कविता म्हणावी तसं त्या म्हणत होत्या, फडक्यातली भाकर ठरलेल्या जागी येत होती. मला तेव्हा अंगावर काटा आला.

ज्याला खरंच माहिती हवी असेल त्याने दारापाशी उभ्या असलेल्या पुतण्याला किंवा शेजाऱ्याला विचारावं. त्याला सांगायला काही वाटत नाही, उलट कामात राहतो. आत जाऊन गप्प बसावं. पण गप्प बसणं आजकाल लोकांना जमत नाही, दोन मिनिटांत खिशाकडे हात जातो. मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दरवर्षी जे गेले असतील त्यांना ठाऊक आहे. महाराज गेले १९६८च्या ऑक्टोबरमध्ये. अजूनही दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तिथे अख्खी गर्दी मौन उभी राहते. एवढ्या माणसांना जमतं, तर आपल्याला एका ओसरीवर दहा मिनिटं का जमू नये?

बोलायचंच असेल तर गेलेल्या माणसाबद्दल बोला. काकांनी एकदा माझ्या बैलाच्या खुरातला काटा काढला होता, ते मी सांगितलं. काकू पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "त्यायले बैलाचं लय होतं, मायं नव्हतं."

ज्या घरात शेतकऱ्याने स्वतःच जीव दिला असेल, तिथे तर एकही प्रश्न नको. कर्ज किती होतं, बँकेचं की सावकाराचं, रात्री भांडण झालं होतं का, मदत मिळणार का. हे सगळं त्या बाईने पोलिसांना सांगितलेलं असतं, तलाठ्याला सांगितलेलं असतं. २००६ पासून सरकार पात्र कुटुंबाला एक लाख रुपये देतं. त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत ठरतं. सतरंजीवर बसून 'तुमचं केस बसत नाही वाटते' असा निकाल देणारे मी स्वतःच्या कानांनी ऐकलेत. निकाल द्यायची एवढी हौस असेल तर तहसीलला जाऊन त्या घराचे कागद पुढे सरकवा.

"काही लागलं तर सांगा"

हे वाक्य म्हणजे पळवाट आहे. आजवर कुणीही कुणाला 'हे लागलं' म्हणून सांगितलेलं नाही. विचारू नका, एक काम उचला.

पहिल्या दिवशी त्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा भाकरी-पिठलं शेजारून जातं. ही रीत अजून तरी टिकून आहे. पण गोठ्यातली जनावरं? त्यांना सुतक कळत नाही. धार कोण काढणार, कडबा कोण टाकणार? ओलिताचं वावर असेल आणि लाइन रात्रीची असेल, तर मोटर चालू करायला कोण जाणार? वेचलेला कापूस उघड्यावर पडला आहे का? यातलं एक बघून घ्या, आणि घेतलं ते सांगतही बसू नका.

माझं ठरलेलं काम म्हणजे मृत्यूचा दाखला. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करायची असते. त्यानंतर विलंब शुल्क लागतं, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. दुःखाच्या घरी २१ दिवस कसे जातात ते कळत नाही. तेरवी होते, पाहुणे जातात, मग कुणाला तरी आठवतं. मी पाचव्या-सहाव्या दिवशी पोराला गाडीवर मागे बसवतो आणि घेऊन जातो. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढून घ्यायला लावतो. बँक मागते, विमावाले मागतात, सातबाऱ्यावर वारस चढवायला लागतो. 'एकच काढू, मंग पाहू' म्हणणाऱ्यांनी तालुक्याला तीन-तीन चकरा मारलेल्या मी पाहिल्यात.

बारीकसारीक

रिंगटोन बंद करा. स्मशानात डीजेचं गाणं वाजलं की मालक खिसे चाचपत राहतो आणि फोन नेमका चौथ्या खिशात निघतो.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटू नका. पन्नीचा तो चरचर आवाज आत बसलेल्या बायांना ऐकू जातो.

घरची माणसं खाली बसलेली असतील तर खुर्ची मागू नका. गुडघे दुखतात त्यांची गोष्ट वेगळी.

तेरवीच्या आलू-वांग्यात मीठ कमी होतं, हे घरी जाऊन बायकोला सांगा. तिथे नाही.

कापसाच्या भावावर बोलू नये असं शिष्ट लोक म्हणतात. मला ते पटत नाही. पाचव्या दिवशी काकांचा पोरगा तासभर मुका बसला होता. कुणीतरी भावाचं काढलं आणि तो एकदम म्हणाला, "यंदा बाबानं विकू नको म्हटलं होतं." मग बराच वेळ बोलत राहिला. फक्त विषय त्याने ओढला पाहिजे, तुम्ही ढकलायचा नाही.

आणि निघताना 'येतो' म्हणू नका. आमच्याकडे मयतीच्या घरून निघताना तो शब्द काढत नाहीत. जुनी माणसं त्यावरून चारचौघांत बोलायची. नव्या पोरांना हे माहीत नसतं, ती 'चला, येतो काकू, टेक केअर' म्हणून मोकळी होतात. काहीच म्हणायचं नसतं. उठायचं, हात जोडायचे, आपल्या चपला दुसऱ्याच्या चपलांखालून काढायच्या आणि निघायचं.