वीसबाडेनच्या जंगलवाटा आणि द्राक्षमळे : नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

जर्मनीतल्या वीसबाडेनला नव्याने आलेल्या कुटुंबाचे पहिले सहा महिने कसे जातात हे आम्ही इथे जुने झालेले लोक चांगले जाणतो. आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, घराचा शोध, आरोग्यविमा, मुलांची शाळा यांत आठवडा संपतो आणि शनिवारी डाळ-तांदूळ आणायला फ्रँकफर्टची खेप होते. रविवारी दुकाने बंद असतात, रस्ते ओस पडलेले असतात, आणि घरातला एकटेपणा त्याच दिवशी सर्वांत जास्त जाणवतो. म्हणून रविवारचे काय करायचे, एवढ्याच विषयावर हे लिहीत आहे. शहराचा सुमारे चौथा हिस्सा जंगल आहे आणि पश्चिमेच्या वेशीपासून द्राक्षमळे सुरू होतात. दोन्हीकडे पायी जाता येते आणि त्यासाठी गाडी लागत नाही. मात्र इथले जंगल आणि इथला द्राक्षमळा या दोन वेगळ्या रीतीभातींच्या जागा आहेत. जंगल सर्वांना मोकळे आहे, तर मळा हे कोणाचे तरी शेत आहे. हा फरक पहिल्याच महिन्यात मनात पक्का केला, तर पुढे कोणाचे बोलणे ऐकून घ्यावे लागत नाही आणि कुठे पाऊल टाकताना संकोचही वाटत नाही.

आधी जागेची रचना समजून घ्यावी. दक्षिणेकडून वाहत येणारी राइन नदी वीसबाडेन आणि माइन्झ यांच्यामध्ये पश्चिमेला वळते, कारण उत्तरेला टाउनुसच्या डोंगररांगेने तिची वाट अडवली आहे. तिथून र्‍यूडेसहाइमपर्यंत सुमारे तीस किलोमीटर ती पूर्व-पश्चिम वाहते. त्यामुळे तिच्या उजव्या काठाचे सगळे उतार दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर ऊन घेतात, आणि पाठीशी असलेला डोंगर उत्तरेचे गार वारे थोपवून धरतो. हाच राइनगाउ, रीसलिंग द्राक्षाचा प्रदेश. डोंगरमाथ्यावर जंगल, उतारावर मळे, खाली नदी आणि शहराच्या पोटातून वर येणारे गरम पाणी, अशी ही सगळी मांडणी आहे. रोमन लोकांनीही त्या पाण्यामुळेच इथे मुक्काम केला आणि या जागेला ‘आक्वे मात्तिआकोरुम’ म्हणजे मात्तिआकी या इथल्या टोळीचे झरे असे नाव दिले.

पहिली फेरी नेरोबर्गची करावी. एक क्रमांकाची बस नेरोटालला शेवटच्या थांब्यावर सोडते आणि समोरच नेरोबर्गबानचे स्थानक आहे. १८८८ साली सुरू झालेली ही डोंगरी रेल्वे आजही पाण्याच्या वजनावर चालते. मुले बरोबर असतील तर वरच्या स्थानकावर पाच मिनिटे थांबून ते जरूर पाहा. वरच्या डब्याच्या पोटातल्या टाकीत पाणी भरले जाते, जास्तीत जास्त सात हजार लिटर. खालच्या डब्यात किती माणसे बसली आहेत त्यावर किती भरायचे ते ठरते. मग जड झालेला डबा उताराला लागतो आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला बांधलेला डबा वर येतो. खाली पोहोचल्यावर टाकी रिकामी होते आणि तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवले जाते. मार्ग ४३८ मीटरचा आहे. हिवाळ्यात गाडी बंद असते, तेव्हा शेजारच्या पायवाटेने चढून जावे. टेकडी २४५ मीटर उंच आहे आणि चढ लहान मुलांनाही जमतो. वर सोनेरी घुमटांचे रशियन चर्च आहे. नासाउचे ड्यूक आडोल्फ यांची अठरा वर्षांची पत्नी एलिझाबेथ १८४५ मध्ये बाळंतपणात वारली, तिच्यासाठी त्यांनी ते १८५५ पर्यंत बांधून घेतले. दक्षिणेच्या उतारावर द्राक्षमळा आहे आणि पाठीमागे लगेच जंगल सुरू होते, त्यामुळे ज्या दोन जागांबद्दल मी बोलतो आहे त्या पहिल्याच दिवशी शेजारी-शेजारी पाहायला मिळतात.

आता जंगल. जर्मनीत मनोरंजनासाठी जंगलात जाण्याचा हक्क कायद्यानेच सर्वांना दिला आहे. जंगल सरकारी असो की खासगी, तिकीट किंवा परवाना लागत नाही. आपल्याकडे वनखात्याचे फाटक आणि चौकीवरचे रजिस्टर यांची सवय असल्यामुळे सुरुवातीला कोणी तरी अडवेल असे वाटत राहते. कोणी अडवत नाही. झाडांच्या खोडांवर रंगाने काढलेल्या खुणा असतात. तुमच्या वाटेची खूण कोणती हे निघतानाच फलकावर पाहून लक्षात ठेवावे, आणि तिठ्यापुढे दोन-तीनशे पावलांत ती पुन्हा दिसली नाही तर मागे फिरावे. नेरोबर्गहून राबेनग्रुंडच्या कुरणांकडे उतरणारी वाट मला सर्वांत प्रिय आहे. ते संरक्षित क्षेत्र असल्यामुळे तिथे वाट सोडू नये. चांगली चाल असेल तर पुढे सुमारे ५०० मीटर उंचीवरच्या प्लाटेपर्यंत दोनेक तासांत जाता येते. तिथे नासाउच्या ड्यूकचा शिकारवाडा आहे. तो दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला आणि आज त्याच्या उरलेल्या भिंतींवर काचेचे छत आहे. अगदी लहान मुले असतील तर जंगलातच वसलेले फासानरी नावाचे प्राणी-उद्यान बरे. तिथे अस्वले आणि लांडगे आहेत आणि प्रवेश विनामूल्य आहे.

वाटेत मोठमोठे उघडे पट्टे लागतील, तिथे पूर्वी स्प्रूसची झाडे होती. २०१८ पासून लागोपाठ पडलेल्या कोरड्या उन्हाळ्यांनी ती दुबळी झाली आणि सालीखालच्या भुंगेऱ्यांनी ती संपवली. वाळलेली बीच आणि ओकची झाडे अजून उभी आहेत, त्यांच्या फांद्या वाऱ्यात अचानक तुटतात. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी आणि त्यानंतरही दोन दिवस जंगलात जाऊ नये. लाल-पांढरी पट्टी बांधून वाट बंद केलेली असेल, तर पलीकडे लाकूडतोड किंवा शिकार सुरू आहे असे समजावे आणि पट्टी कधीही ओलांडू नये. रविवारी मशिनचा आवाज येत नसला, तरी अर्धवट कापलेले झाड तसेच टेकलेले असू शकते.

माझ्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट सांगतो. नोव्हेंबरच्या अखेरीस पत्नी आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन दुपारी अडीचला जंगलात शिरलो. त्या दिवसांत साडेचारला सूर्य मावळतो हे ठाऊक होते, पण डोंगराच्या उत्तर बाजूला त्याच्याही आधी अंधारते हे ठाऊक नव्हते. पानगळीने वाट झाकली गेली होती, थंडीने फोनची बॅटरी चाळीस टक्क्यांवरून एकदम बंद पडली आणि मुलगी निसरड्या पानांवर घसरून तिचा घोटा मुरगळला. पत्नीच्या फोनवरून ११२ ला कॉल केला, तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला की जवळ एखादी हिरवी पाटी दिसते का. दिसत होती. हिरव्या पाटीवर पांढरा क्रॉस आणि खाली अक्षरे-आकडे, असा तो ‘रेटुंग्सपुंक्ट’ असतो. ते आकडे वाचून दाखवले आणि मदत नेमकी तिथे आली. तेव्हापासून जाताना लागणाऱ्या प्रत्येक हिरव्या पाटीचा मी फोटो काढून ठेवतो, आणि हिवाळ्यात बारा वाजल्यानंतर लांबची वाट धरत नाही.

उन्हाळ्यात काळजी घ्यायची ती गोचिडींची. आपल्याकडे गोचीड म्हटले की गुरे डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे नवे लोक तिकडे दुर्लक्ष करतात. इथली गोचीड गवतावरून आणि झुडपांवरून माणसाच्या अंगावर चढते आणि तिच्यापासून बोरेलिओसिस (लाइम रोग) होऊ शकतो. या रोगावर लस नाही. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरपट्ट्याखाली, मुलांच्या कानांमागे आणि केसांत नीट पाहावे. गोचीड सापडली तर तेल वगैरे न लावता बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसले तर डॉक्टरांकडे जावे. गोचिडींमुळेच होणाऱ्या मेंदूज्वराची लस मात्र मिळते; तुमच्या फिरण्याच्या भागानुसार ती घ्यावी का, हे घरच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

द्राक्षमळ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मी दिंडोरी तालुक्यातला आहे आणि वेलीखाली लहानाचा मोठा झालो आहे. आमच्याकडे वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. इथे वेल हिवाळ्यात झोपते, म्हणून छाटणी एकदाच होते. आमच्याकडे जानेवारीपासून माल उतरतो, इथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मांडव इथे नाही, वेली तारांवर उभ्या बांधलेल्या असतात. जानेवारीत वीसबाडेनच्याच फ्राउएनश्टाइन या उपनगराच्या उतारावर एक वयस्क शेतकरी छाटणी करत होते. त्यांनी प्रत्येक वेलीवर एकच लांब काडी राखली होती. ओल असलेल्या दिवशी ती काडी वाकवून खालच्या तारेला बांधायची, कारण कोरड्या हवेत ती मोडते, असे त्यांनी मला थांबून दाखवले. कापलेल्या काडीचा वास अगदी आमच्या बागेतला होता. मी दोन छाटण्यांबद्दल सांगितले, तेव्हा त्यांनी कात्री खिशात ठेवून बराच वेळ प्रश्न विचारले.

म्हणून कळकळीने सांगतो की मळ्यातल्या रस्त्यावरून खुशाल चालावे, पण वेलींच्या दोन ओळींमध्ये फोटोसाठीसुद्धा शिरू नये. घड तोडू नये, एकही नाही; ती चोरी धरली जाते आणि नसती धरली तरी ते त्यांचे वर्षभराचे पीक आहे. ट्रॅक्टर आला की मुलांना घेऊन कडेला उभे राहावे आणि हात करावा. दगडी बांधांवर चढू नये. नुसते रचलेले ते दगड दिवसाची ऊब रात्री वेलींना देतात आणि त्यांच्या फटींत सरडे राहतात. काढणीच्या दिवसांत काही रस्त्यांवर मनाईची पाटी लागते, ती पाळावी. समोर येणाऱ्याला आधी नमस्कार करावा. शहरात कोणी करत नाही, पण मळ्यात आणि जंगलात सगळे करतात, आणि ‘गूडे’ एवढे म्हटले तरी इथल्या माणसाचा चेहरा खुलतो.

दोन्ही जागा एका दिवसात पाहायच्या तर राइनश्टाइगचा पहिला टप्पा धरावा. २००५ मध्ये सुरू झालेली ही ३२० किलोमीटरची वाट बीब्रिखच्या राजवाड्यापासून निघून बॉनपर्यंत जाते, आणि निळ्या चौकोनातला पांढरा ‘आर’ ही तिची खूण आहे. पिवळ्या चौकोनाची खूण फक्त जोडवाटांची. फ्राउएनश्टाइनच्या मळ्यांतून आणि चेरीच्या बागांतून जंगलात शिरून ती श्लांगेनबाडला उतरते, तेही झऱ्यांचेच गाव. अंतर चौदा किलोमीटरच्या आसपास आहे. एप्रिलमध्ये चेरी फुलते तेव्हा निदान फ्राउएनश्टाइनपर्यंत तरी जाच.

त्यानंतर राइनगाउ. आरबी १० ही गाडी नदीकाठाने जाते आणि डॉइचलांडटिकिट, म्हणजे देशभर चालणारे मासिक तिकीट, तिच्यात चालते. एल्टव्हिलला उतरून मळ्यांमधून कीडरिख आणि तिथून जंगलाच्या कडेने एबरबाखच्या मठापर्यंत चालावे. ११३६ मध्ये सिस्टर्शियन साधूंनी वसवलेला हा मठ इथल्या द्राक्षांच्या इतिहासातले एक मोठे ठिकाण आहे. वरच्या अंगाला राउएनथालजवळची बुबेनहाउझर ह्योहे ही उघडी टेकडी आहे. स्वच्छ हवेत तिथून नदीचा मोठा पट्टा आणि पलीकडचे माइन्झ दिसते.

खाण्याचे थोडक्यात. दारावर फुलांचा किंवा डहाळ्यांचा गुच्छ टांगलेला दिसला की ती श्ट्राउसविर्टशाफ्ट, म्हणजे शेतकऱ्याने स्वतःची वाइन विकण्यासाठी वर्षात जास्तीत जास्त चार महिने घरात उघडलेली साधी खानावळ. शाकाहारी माणसाने कांदा घातलेले श्पुंडेकेस हे मऊ चीज आणि ब्रेत्सेल हा पीळदार पाव घ्यावा. शरदातल्या कांद्याच्या केकमध्ये बहुधा डुकराचे मांस असते, म्हणून ‘ओने श्पेक’ म्हणजे त्याविना मिळेल का, असे आधी विचारावे. फेडरवाइसर गोड लागते, पण ती आंबत असलेली दारूच आहे, मुलांना देऊ नये. तिचे झाकण मुद्दाम सैल ठेवलेले असते, तेव्हा बाटली पिशवीत आडवी ठेवू नये. न पिणाऱ्यांसाठी द्राक्षरसात सोडा घातलेली श्योर्ले सगळीकडे मिळते.

परतल्यावर शहरातल्या कोखब्रुनेन चौकात एक घोटभर पाणी चाखून पाहावे. जमिनीतून सुमारे ६६ अंशांवर वर येणारे हे पाणी खारट असते. थकलेले पाय गरम पाण्यात सोडायचे असतील तर एक गोष्ट आधी माहीत असू द्या. १९१३ च्या कायझर-फ्रीडरिख-थेर्मे या स्नानगृहात स्त्री-पुरुष एकत्र आणि पोहण्याच्या कपड्यांविना वावरतात. ज्यांना ते नको, किंवा ज्यांच्याबरोबर गावाहून आलेले आई-वडील आहेत, त्यांनी आउकामटालच्या स्नानगृहात जावे. तिथल्या तलावात पोहण्याचे कपडे घालूनच उतरतात.