पांढऱ्या कागदावर पांढरा खडू

प्राथमिकच्या मुलांना चित्रकलेच्या तासाला काय द्यावं, असं नव्या शिक्षकांनी विचारलं की मी आधी मेणखडू आणि जलरंगच सांगते. चाळीस मिनिटांत काम होतं, आणि "मला चित्र येत नाही" म्हणणारं मूलही यात रमतं.

कागद जाड घ्या, 200 जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाच्या) आसपासचा. वहीचा कागद ओला झाला की सुरकुततो, घासला की फाटतो. मागे पेन्सिलीने नाव लिहून घ्या आणि मगच चारही कडा मास्किंग टेपने बाकाला चिकटवा. नाव नंतर लिहू म्हटलं की राहतंच.

आता प्रत्येकाच्या हातात फक्त पांढरा मेणखडू. पांढऱ्यावर पांढरं दिसणार कसं, असं मुलं विचारतात. उत्तर देऊ नका. रात्री घराबाहेर काय काय असतं ते काढा, एवढंच सांगा. खडू मात्र जोर लावून फिरवायला हवा. हलकी रेघ पुढे रंगात बुडून जाते. रेघ नीट उमटली का, हे बघायला मुलांना बाकाच्या पातळीवर डोळे आणून उजेडाच्या दिशेने बघू द्या. मेण चमकतं.

मग निळा जलरंग. ब्रश रुंद आणि मऊ हवा, रंग इतका पातळ की वाटीचा तळ दिसावा. हे मी चुकून शिकले. पहिल्या वेळी मी पोस्टर कलर घट्टच दिला होता आणि सगळ्या वर्गाची चित्रं त्याखाली गडप झाली. एक मुलगी काही न बोलता नखाने रंग खरवडत बसली. तिने मांजर काढली होती. शेवटी एक कान सापडला. तेव्हापासून रंग मीच कालवते आणि आधी वेगळ्या कागदावर लावून बघते.

रंग बरोबर असेल तर ब्रश फिरताच रेघांवरून पाणी मागे सरतं आणि चित्र वर येतं. त्या क्षणी वर्गात गलका होतो, होऊ द्या. मेण पाण्याला धरत नाही हे त्यानंतर सांगा, म्हणजे मुलांच्या ते लक्षात राहतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या भुयारी रेल्वे स्थानकांत आसऱ्याला झोपलेल्या माणसांची चित्रं हेन्री मूर या शिल्पकाराने मेणखडू आणि जलरंग असेच एकत्र वापरून केली होती. मोठ्या मुलांना ती जरूर दाखवा, पण त्यांचं स्वतःचं काम झाल्यावर. आधी नमुना दाखवला की तीस मुलं एकच चित्र काढतात, आणि मला ते बघवत नाही.

वेळ उरला तर रंग ओला असतानाच वर चिमूटभर मीठ टाकायला सांगा. कागदावर पाण्याचं तळं नको, नुसती ओली चमक हवी. मिठाचे कण भोवतालचा रंग ओढून घेतात आणि चांदण्यांसारखे ठिपके उमटतात. पूर्ण वाळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मीठ नंतर झटकायचं.

टेपही वाळल्यावरच काढा, कागदाच्या बाहेरच्या बाजूला तिरकी ओढत, सावकाश. कडेला स्वच्छ पांढरी चौकट राहते. ओली चित्रं एकावर एक रचू नका.