पीएचपी ५ ची जुनी साइट पीएचपी ८ वर नेताना

सातपूरच्या कारखान्याचं एन्क्वायरी पान असो, पंचवटीतल्या लॉजचं बुकिंग असो की कांद्याच्या भावाचं पान, पीएचपी ५ वर, म्हणजे साइटमागचा कोड लिहिण्याच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीवर, लिहिलेलं असेल तर ते आता हलवायलाच हवं. ५.६ चे सुरक्षा अपडेट २०१८ अखेर थांबले. सिंहस्थाची गर्दी सुरू झाल्यावर लॉजच्या साइटला हात लावण्यापेक्षा आत्ताच लावा.

चालू साइटवर काही करू नका. सगळ्या फाइल आणि डेटाबेसचा डंप (सगळ्या माहितीची फाइलमधली प्रत) आपल्या मशीनवर उतरवा आणि तिथे आधी पीएचपी ७.४ लावा, थेट ८ नको. ईच, क्रिएट_फंक्शन, अक्षर काढायला वापरलेला महिरपी कंस, क्लासच्याच नावाचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारं फंक्शन) या गोष्टी ७.४ मध्ये चालतात, पण ‘डेप्रिकेटेड’ (पुढे काढून टाकणार) म्हणून ओळ क्रमांकासह सांगितल्या जातात. त्यासाठी एरर रिपोर्टिंग ‘ई_ऑल’वर ठेवा. पान नुसतं पांढरं आलं तर एरर लॉग उघडा, पांढऱ्या पानाचं कारण तिथेच लिहिलेलं असतं.

कमांड लाइनवरची ‘-एल’ तपासणी फक्त व्याकरण बघते. काढून टाकलेलं फंक्शन तिला दिसत नाही, ती ओळ चालल्यावरच साइट कोसळते. म्हणून कोडस्निफर या कोड तपासणाऱ्या साधनाला पीएचपी कंपॅटिबिलिटीचे नियम जोडून पूर्ण फोल्डर तपासा.

सगळ्यात जास्त काम डेटाबेसशी बोलणाऱ्या, मायएसक्यूएल_ ने सुरू होणाऱ्या फंक्शनचं. ती ७.० मध्येच गेली. नुसतं नाव बदलून मायएसक्यूएलआय_ केलं की भागत नाही, कारण क्वेरीमध्ये आता कनेक्शन आधी आणि एसक्यूएल नंतर द्यावं लागतं. मायएसक्यूएल_रिझल्टला तर जोडीदारच नाही, तिथे फेच वापरून लिहावं लागतं. फॉर्ममधून आलेली माहिती थेट क्वेरीत चिकटवलेली दिसली की प्रिपेअर्ड स्टेटमेंट (एसक्यूएल आणि माहिती वेगवेगळी पाठवणं) करा. जुना कोड मॅजिक कोट्सच्या (फॉर्ममधल्या अवतरण चिन्हांआधी आपोआप उलटी तिरकी रेघ लावणाऱ्या सोयीच्या) भरवशावर असायचा, आणि ती सोय ५.४ पासून नाही. शिवाय ८.१ पासून मायएसक्यूएलआय चूक झाली की एक्सेप्शन फेकतं, त्यामुळे क्वेरीपुढे लिहिलेल्या ‘ऑर डाय’पर्यंत (चूक झाली तर थांब) गाडी पोचतच नाही. मजकुरात पॅटर्न शोधणारं जुनं इरेग असेल तिथे प्रेग_मॅच घ्या, पॅटर्नच्या दोन्ही बाजूंना तिरकी रेघ द्या आणि देवनागरी मजकूर असेल तर शेवटी ‘यू’ लावा.

इथवरच्या चुका ओरडून सांगतात. खरा घोळ न ओरडणाऱ्या चुकांचा. समजा कांद्याच्या भावाच्या पानावर आवक दोन बरोबर चिन्हांनी शून्याशी ताडून ‘आज लिलाव बंद’ दाखवलं आहे. सुट्टीच्या दिवशी आवकेचा रकाना रिकामा भरला, तर पीएचपी ७ रिकामी स्ट्रिंग आणि शून्य एकच मानायचं. ८ मानत नाही. पाटी येत नाही आणि एररही येत नाही. तीच गत स्विच आणि इन_अ‍ॅरेची. ७.४ इथे काही इशारा देत नाही, त्यामुळे शून्याशी केलेली प्रत्येक तुलना शोधून डोळ्यांनीच बघा. क्लासच्या नावाचा कन्स्ट्रक्टरही ८ मध्ये मुकाट्याने साधी मेथड होतो आणि ऑब्जेक्ट रिकामा राहतो. ‘पीएचपी’ शब्दाविना उघडलेले छोटे टॅग सर्व्हरवर बंद असतील तर कोड, प्रसंगी पासवर्डसकट, ब्राउझरमध्ये छापला जातो. ते सगळे टॅग पूर्ण करून टाका.

मराठी साइटला एक जास्तीचं दुखणं. जुन्या कनेक्शनचा कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत) बहुधा लॅटिन१ असायचा आणि यूटीएफ-८ चे बाइट त्यातूनच टेबलात गेलेले असतात. नवं कनेक्शन यूटीएफ८एमबी४ झालं की ‘नाशिक’च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. अशा वेळी टेबल सरळ यूटीएफ८एमबी४ मध्ये कन्व्हर्ट केलंत तर कचरा कायमचा मुरतो. रकाना आधी ब्लॉब (नुसते बाइट) करा, मग यूटीएफ८एमबी४ चा टेक्स्ट. अर्थात डंपच्या प्रतीवर. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असल्याने बाइट मोजणाऱ्या सबस्ट्रने मजकूर मध्येच तुटतो, एमबी_सबस्ट्र वापरा.

७.४ वर लॉग स्वच्छ झाला की ८.३ किंवा त्यापुढची आवृत्ती लावून पुन्हा हेच. नंतर सबडोमेनवर चढवा आणि महिनाअखेरचा रिपोर्ट, पासवर्ड रीसेट, पावतीचं प्रिंट अशी क्वचित उघडली जाणारी पानं मुद्दाम चालवून बघा. मूळ डोमेन वळवल्यावरही जुना डंप एक महिनाअखेर उलटेपर्यंत पुसू नका.