जुन्या लॅपटॉपची स्क्रीन बिघडली? ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना या चुका टाळा

स्क्रीनवर उभे पट्टे आले, रंगीत ठिपके उमटले किंवा विंडोजचा लोगो दिसून पुढे नुसता काळोख झाला, की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: "फॉरमॅट मार." त्याने भागलं नाही तर दुसरा: "लिनक्स टाक, जुन्या मशीनवर मस्त चालतं." लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. हे दोन्ही सल्ले मी स्वतः दिलेत आणि दोन्ही माझ्या अंगाशी आलेत. भाच्याच्या लॅपटॉपवर एका रविवारी मी ओळीने तीन सिस्टीम टाकल्या. तिसरी रात्री छान चालली म्हणून मिशा पिळत झोपलो. सोमवारी, मे महिन्याच्या भर दुपारी, तेच पट्टे परत हजर.

स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिपच गेलेली असेल तर कुठलीही सिस्टीम ती जोडून देत नाही. सिस्टीम बदलली की चिपकडून किती आणि कसलं काम मागितलं जातं, एवढंच बदलतं. दुसरी सिस्टीम आधी तपासणीसाठी वापरायची आणि उपाय म्हणून नंतर, हे मला तीन फॉरमॅटनंतर कळलं.

दोष कुठे आहे हे न बघताच पेनड्राइव्ह लावणे

आधी डेटा बाहेर काढा. स्क्रीन दिसतेय तोवर हे काम दहा मिनिटांचं आहे, नंतर हार्ड डिस्क खोलून काढावी लागते.

मग लॅपटॉप चालू करून थेट बायोसमध्ये, म्हणजे सिस्टीम सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या मेनूत, जा आणि पाच-दहा मिनिटं तिथेच थांबा. पट्टे तिथेही दिसले तर विंडोज, लिनक्स, ड्रायव्हर (सिस्टीमच्या वतीने चिप चालवणारा प्रोग्रॅम) सगळे निर्दोष सुटले. कारण तिथे त्यांच्यापैकी कोणीच अजून उठलेलं नसतं. आता बिजागरी हळूच मागेपुढे हलवा. पट्टे हलले, गेले, परत आले तर बिघाड बहुतेक स्क्रीनच्या केबलचा आहे, आणि ती चिपच्या मानाने किरकोळ दुरुस्ती आहे. सिस्टीम चालू असताना एक स्क्रीनशॉट घ्या आणि फोनवर पाठवून बघा. फोनवर चित्र स्वच्छ असेल तर संशय पॅनेलवर किंवा केबलवर जातो. पट्टे स्क्रीनशॉटमध्येच उतरले असतील तर मामला आतला आहे.

रॅमही तपासा. इंटेलची अंगभूत ग्राफिक्स चिप मुख्य रॅममधलाच तुकडा वापरते, त्यामुळे रॅमचा दोष स्क्रीनवर कचऱ्यासारखा दिसू शकतो. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवायचा, सकाळी निकाल. दोन रॅम असतील तर एकेक काढून बघणं आणखी सोपं.

सेफ मोडवर विश्वास ठेवणे

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण ती करणारा माणूस तपासणी करूनच फसलेला असतो.

विंडोज सेफ मोडमध्ये, म्हणजे कमीत कमी ड्रायव्हरांवर सुरू केल्यावर, नीट चालतं, म्हणजे ड्रायव्हरचाच घोटाळा असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण सेफ मोडमध्ये मायक्रोसॉफ्टचा साधा डिस्प्ले ड्रायव्हर असतो. तो चिपच्या थ्रीडी भागाला हातच लावत नाही. लिनक्समध्ये बूट करताना 'नोमोडसेट' हा पर्याय दिला की हेच होतं: ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बाजूला राहतो, चित्र काढायचा भार प्रोसेसरवर येतो. लिनक्सच्या बऱ्याच वितरणांच्या (उबंटू, डेबियन असे त्याचे प्रकार) बूट मेनूतल्या 'सेफ ग्राफिक्स'च्या ओळीमागेही हाच पर्याय असतो. पाय मुरगळलेला माणूस खुर्चीत बसून लंगडत नाही, तसला हा प्रकार. माझ्या त्या रविवारच्या यशाचं रहस्यही हेच होतं. पेनड्राइव्हवरून सेफ ग्राफिक्सने चालवलं, नंतर अपडेटबरोबर खरा ड्रायव्हर जागा झाला, आणि दुपारच्या उन्हात चिप तापल्यावर पितळ उघडं पडलं.

खरी परीक्षा उलट्या बाजूने घ्यायची. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून सिस्टीम न टाकताच चालवता येते) नोमोडसेट न लावता, पूर्ण ड्रायव्हरसह चालवा आणि अर्धा-पाऊण तास व्हिडिओ किंवा थ्रीडी काहीतरी सुरू ठेवा. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. विंडोजचा आणि लिनक्सचा ड्रायव्हर सहसा वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले असतात. दोघेही मशीन तापल्यावर सारखेच कोसळत असतील तर दोष त्यांच्या खालच्या धातूत आहे. विंडोज पडतं पण लिनक्स तासभर शांत चालतं, तर मात्र ड्रायव्हरवरचा संशय रास्त आहे आणि सिस्टीम बदलण्यात अर्थ आहे.

विंडोजवाल्यांसाठी एक पुरवणी: ड्रायव्हर काढून टाकला तरी विंडोज अपडेट तो गुपचूप परत बसवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो नुसता काढू नका, उपकरणच बंद करा.

एक चिप मेली म्हणून मशीन मेलं असं समजणे

अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात: प्रोसेसरमधली इंटेलची आणि वेगळी, ताकदवान, तापणारी. बिघडते ती बहुधा दुसरी. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे २०११चा १५ इंची मॅकबुक प्रो. त्यात इंटेल एचडी ३००० आणि एएमडी रेडिऑन अशा दोन चिप आहेत. रेडिऑन इतक्या मशीनमध्ये बिघडली, की फेब्रुवारी २०१५ मध्ये ॲपलला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. ती मुदत केव्हाच संपली, पण ही मशीन अजून घराघरांत पडून आहेत.

इथे सिस्टीमची निवड खरोखर फरक पाडते. मॅकवर विंडोज टाकायच्या ॲपलच्या बूट कॅम्प या सोयीने विंडोज टाकलं की या मशीनमधली इंटेलची चिप विंडोजला दिसतच नाही, सगळं काम रेडिऑनवर जातं. म्हणजे "मॅक बिघडला, विंडोज टाकून वापरू" हा विचार करणारा माणूस नेमका आजारी बैलाच्याच खांद्यावर जू ठेवतो. मॅकओएसमध्ये ठेवायचं असेल तर मशीनच्या एनव्हीरॅममध्ये (मशीन बंद झालं तरी सेटिंग लक्षात ठेवणारी छोटी मेमरी) 'इंटेलवरच सुरू हो' अशी नोंद करता येते आणि रेडिऑनचा ड्रायव्हर त्याच्या फोल्डरमधून बाजूला काढता येतो. लिनक्स ईएफआय या बूट करायच्या नव्या पद्धतीने सुरू केलं तर ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चार ओळी घालून दोन चिपमध्ये अदलाबदल करणाऱ्या जीमक्स नावाच्या भागाला आदेश देता येतो: स्क्रीन इंटेलकडे वळव आणि रेडिऑनची वीज तोड.

वीज तोडणं महत्त्वाचं. नुसता ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट केला, म्हणजे तो सुरूच होऊ दिला नाही, की काम झालं असं समजतात, पण ड्रायव्हर नसला तरी चिपला वीज मिळत राहते, उलट तिची वीज कमी करणारं कोणी उरत नाही. मशीन तापतं, बॅटरी उतरते, पंखा ओरडतो.

मॅकच्या या उपायाच्या दोन किमती आहेत. बाहेरचा मॉनिटर जोडायचं पोर्ट रेडिऑनलाच जोडलेलं असल्याने ते कायमचं जातं. आणि कोणी सवयीने कमांड-ऑप्शन-पी-आर दाबून एनव्हीरॅम साफ केली तर तिथली नोंद पुसली जाते, पुन्हा पहिल्यापासून. घरात तसा हौशी असेल तर आधीच सांगून ठेवा.

बाकीच्या लॅपटॉपमध्ये वेगळी चिप बंद करायची सोय कधी बायोसमध्येच मिळते. ती नीट शोधा, मेनू पुरते वाचायचा कंटाळा बऱ्याच जणांना भोवतो.

चिपच्या वयाकडे न बघता नवीच सिस्टीम टाकणे

सिस्टीम मशीनवर चालणं आणि तिला त्या चिपचा ड्रायव्हर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर सांगितलेल्या एचडी ३००० साठी इंटेलने विंडोज १०ला अधिकृत पाठिंबा दिलाच नाही, जुन्या ड्रायव्हरवर लोकांनी गाडी ढकलली. आता १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चाच पाठिंबा संपला आणि ११ या वयाच्या मशीनला दारात उभं करत नाही. नेटबुकांतल्या इंटेल जीएमए ३६००ची गत त्याहून वाईट: धड ड्रायव्हर ३२ बिट विंडोज ७पुरताच. एनव्हिडियाच्या ८००० मालिकेतल्या चिपना लिनक्सवर कंपनीचा ३४० क्रमांकाचा ड्रायव्हर लागतो, त्याची शेवटची आवृत्ती २०१९ची. नव्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, तो सरळ बसत नाही. तिथे नुव्हो हा मुक्त ड्रायव्हर वापरून बघावा, वेग कमी मिळेल.

लिनक्सचा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या आणि मेनूंचा दर्शनी भाग, निवडताना हौस आवरा. ग्नोम या डेस्कटॉपच्या प्रत्येक हालचालीला थ्रीडीचं काम लागतं. थकलेल्या चिपवर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप बरे. एक्सएफसीईमध्ये सावल्या, पारदर्शकता देणारा कंपोझिटरही बंद करता येतो. ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सलरेशन (चित्राचं काम चिपवर टाकणारं सेटिंग) बंद करा. एवढ्यावर काही मशीन वर्षभर निघालेली मी पाहिली आहेत.

हीट गन आणि ओव्हन

चिप तापवून दुरुस्त करायचे हे उपाय नकोत. २००८च्या जुलैत एनव्हिडियाने नोटबुक चिपच्या सदोष पॅकेजिंगपायी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. तेव्हाच्या अनेक चिपमधला दोष चिपच्या पोटातल्या बारीक जोडांचा होता, मदरबोर्डवरच्या सोल्डरचा नव्हता. गरम हवा मारली की ते जोड थोडे दिवस टेकतात, आणि दुकानदार तेवढ्यात पैसे घेऊन मोकळा होतो. रिबॉल करून, म्हणजे चिपखालचं सोल्डर नव्याने घालून, तीच चिप परत बसवली तरी पोटातला दोष पोटातच राहतो. नवी चिप बसवणार असाल तरच खर्चाचा विचार करा. धूळ काढणं आणि नवी थर्मल पेस्ट मात्र जरूर, तीही तपासणीच्या आधी.

भाच्याच्या लॅपटॉपमध्ये एकच चिप होती, त्यामुळे तिला बगल देणं शक्य नव्हतं. नोमोडसेट कायमचं लावून त्यावर डेबियन हे लिनक्स ठेवलंय. त्यात स्क्रीनचा प्रकाश कमी-जास्त होत नाही आणि स्लीपमधून मशीन उठत नाही, म्हणून ते झोपवतच नाही. पट्टे आता बायोसमध्येही दिसू लागलेत, तेव्हा स्क्रीन पूर्ण जाण्याआधी एसएसएच, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून या मशीनमध्ये शिरायची सोय, चालू करून ठेवली आहे. घरातले फोटो आणि बॅकअप त्याच्यावर जातात, झाकण मिटलेलंच असतं.